उजव्या अंगाचं चाक

आवाज पहिल्यांदा ऐकला तो माझ्या बायकोने. मी नाही.

नागपूरचा दिघोरी नाका मागे टाकून आम्ही उमरेडच्या रस्त्याला लागलो होतो. गाडी मी चालवत होतो. ती माझ्या डाव्या हाताला बसलेली, मांडीवर डबा, डब्यात तिच्या मोठ्या बहिणीसाठी मऊ खिचडी. ती म्हणाली, "अजी, मांगून काही घूं घूं करून राहिलं."

"सिमेंटचा रोड आहे. सिमेंटवर टायर बोलतेच."

"मागच्या बुधवारी नाही बोलला."

"मागच्या बुधवारी तू झोपली होती."

"झोपली नव्हती जी. डोळे मिटून होती. तुम्ही ट्रकवाल्याले शिव्या देऊन राहिले होते, त्या बी ऐकल्या मी."

मी काच वर चढवली आणि बोलणं बंद केलं. पण कान तिकडेच. पुढे सिमेंट संपून डांबराचा तुकडा लागतो. डांबरावर टायर गप्प बसायला पाहिजे. तो बसला नाही. दूर कुठेतरी कोणाची पिठाची गिरणी चालू आहे आणि ती गिरणी आमच्यासोबत भिवापूरला निघाली आहे, असा आवाज. वेग वाढवला की गिरणीही जोरात. वेग कमी केला की तीही हळू. आता मलाही ऐकू येत होता. मला तो डावीकडून, मागून येत होता.

"माझ्या मांगून नाही," ती म्हणाली. "तुमच्या मांगून येते."

"तुले गाडीचं काय समजते?"

ती गप्प बसली. ती गप्प बसली म्हणजे मान्य झालं असं मी आयुष्यभर समजत आलो.

ही भिवापूरची फेरी काय होती ते सांगतो. माझ्या बायकोची मोठी बहीण तिथे राहते. न्हाणीत पाय घसरून पडली, कमरेचं हाड गेलं, तेव्हापासून खाटेवर. सून चांगली आहे, सगळं करते. पण म्हातारीचा हट्ट एक. केस धुवायचे तर बहिणीनेच. सून पाण्याचा तांब्या घेऊन आली की म्हातारी भिंतीकडे तोंड करते. म्हणून दर बुधवारी मी बायकोला घेऊन जायचो. एसटीची काय अन जीपची काय, पायरी बायकोच्या गुडघ्यांना झेपत नाही. एकदा गेली होती एसटीने, तर आल्यावर पुढचा बुधवार येईपर्यंत पाय धरून बसली. म्हणजे गाडी आहे तर बहीण आहे. गाडी नाही तर फोनवर नुसतं "कशी आहेस बाई" अन "बरी आहो माय". आणि फोनवर केस धुता येत नाहीत.

गाडी जुनी आहे, लहान आहे, पण माझ्या घामाची आहे. लकडगंजमध्ये आरा मशीनवर उभं राहून मी सागाचे ओंडके चिरले. जवानी तिथेच गेली आणि म्हातारपण तिथेच सुरू झालं. शाळा चौथीत सुटली, लाकडाची सुटली नाही. मशीन सोडली तेव्हा ही गाडी घेतली. मुलगी तेव्हापासून म्हणते, "बाबा, कशाले पाहिजे? आटो आहे, टॅक्सी आहे." ती मानेवाड्याला राहते, तिच्याकडे मोठी गाडी आहे, ती चालवताना ती पुढच्या काचेला नाक लावून बसते. आणि मला शिकवते.

त्याच आठवड्यात मुलगी आमच्या गाडीत बसली. तिच्या सासरी काही कार्यक्रम होता. बसल्या बसल्या तिने मान तिरपी केली.

"बाबा, हा आवाज कायचा आहे?"

"गाडीचा."

"गाडी असा आवाज नाही करत. चाकातून येते हा. आमच्या सोसायटीत एकाच्या गाडीचं चाक असंच बोलत होतं, मग एक दिवस निखळलं."

"तुमच्या सोसायटीतल्यांचं काहीही निखळते."

तिची आई हसली, पण मुलगी हसली नाही. उतरताना माझ्या बाजूच्या दारापाशी येऊन उभी राहिली. "आईले घेऊन तुम्ही हायवेनं जाता. पुढच्या बुधवारनंतर मी येतो. तवा हा आवाज असला, त चावी मी घेऊन जाईन. राग आला तरी चालते."

तिच्या तोंडून "चावी" हा शब्द असा आला, जसा लहान पोराच्या हातातली कैची काढून घेताना येतो.

त्यानंतर माझं काय झालं ते खरं सांगतो. सगळ्या नागपुरात तोच आवाज येऊ लागला. पंखा लावला की घूं. शेजारणीने मिक्सर लावला की घूं. चहाच्या टपरीवर बसलो तर स्टोव्ह तसाच. पाणी भरायची मोटर सुरू झाली की माझ्या हातातला घास हातातच राहायचा. रस्त्याने जाताना मालाचा एक टेम्पो कडेला उभा दिसला, एक चाक नाही, आस जमिनीला टेकलेला. चाक कुठे गेलं असेल म्हणून पाहिलं तर पार पलीकडच्या वावरात, तुरीच्या काड्यांत जाऊन पडलेलं. मी गाडी थांबवली नाही. पण ते चाक घरी माझ्यासोबत आलं. बायको भाजी निवडत बसली की मला ती गाडीत बसलेली दिसायची, मांडीवर डबा घेऊन.

म्हणून रविवारी मी एकटा गाडी घेऊन लकडगंजला गेलो. रविवारी लाकडाची दुकानं बंद, रस्ते मोकळे. गाडी सरळ चालवली, आवाज होताच. स्टिअरिंग थोडं उजवीकडे झुकवलं, आवाज पडला. डावीकडे झुकवलं तर असा उठला की पायाखाली पत्रा थरथरला. पुन्हा करून पाहिलं. उजवीकडे शांत. डावीकडे बोंब.

झालं. निकाल लागला. कारण माझा बाप बैलगाडी हाकायचा आणि त्याचं एक वाक्य होतं: "ज्या अंगाले वळवशीन, त्या अंगाचं चाक रडन." बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, चाकाच्या मधोमध जो लाकडाचा गोळा असतो त्याला आम्ही तुंबा म्हणतो. त्या तुंब्यातून आस जातो. बंडी वळवली की आतल्या अंगाचं चाक जागच्या जागी गिरकी घेतं, तुंबा आसावर घासतो आणि चाक रडतं. मग बाप उतरायचा, बंडीखाली टांगलेल्या बांबूच्या नळकांड्यातून वंगण काढायचा आणि त्याच चाकाला द्यायचा. त्याचं कधी चुकलेलं मी पाहिलं नाही. मोटारीच्या चाकालाही तुंबा असतो, त्याला हब म्हणतात, एवढाच फरक. डावीकडे वळलं की रडतं, म्हणजे डावं चाक. आणि मला आवाज डावीकडूनच येत होता. आणखी काय पाहिजे?

सोमवारी सकाळीच आमच्या वस्तीतल्या मिस्त्रीकडे गेलो. माणूस हुशार, पण तोंडाचा फटकळ. म्हणाला, "काका, जॅक लावतो, चारही चाकं हलवून पाहतो, मग बोलू."

"बोलायचं काय त्यात? मागचं डावं. हब बदल."

"उजवं बी पाहून घेतो ना."

"उजव्याले हात लावू नको. चांगलं चाक उगाच खोललं का ते बी रुसते."

"अन डावं चांगलं निघालं त?"

"माझ्या बापाले विचार."

"आहेत का बाबा अजून?"

"नाही."

"मंग कसं विचारू, काका?"

शेजारच्या पानठेल्यावर उभी असलेली माणसं हसली. मी नाही हसलो. मी म्हटलं, "गाडी कोणाची आहे?" तो म्हणाला, "तुमची." मी म्हटलं, "खोल मग."

त्याने खोललं. आमच्या गाडीच्या मागच्या चाकाचा हब म्हणजे स्वयंपाकाच्या जाड पातेल्यासारखा लोखंडी गोळा. पोटात बेरिंग, बाहेरून चाक बसतं, मधे एक मोठा नट. नट सोडवून त्याने तो बाहेर ओढला आणि माझ्यासमोर धरून बोट घालून फिरवला. फिरला. काही खरखर नाही, काही नाही.

"काका, हे त लोण्यासारखं फिरून राहिलं."

पण मी म्हटलं, "हातात काय बोलन ते? ओझं टाकल्याशिवाय बैल लंगडते का?"

"बरोबर आहे. काका म्हणतात बैल लंगडा, त बैल लंगडा." त्याने नवा हब चढवला. जुना भंगाराच्या ढिगाकडे फेकायला हात उचलला तर मी त्याचा हात धरला.

"माझं लोखंड आहे ते. बोऱ्यात बांध अन डिक्कीत ठेव."

"काय करान त्याचं?"

"उशाले घेईन."

घरी येताना लकडगंजच्याच रस्त्याने आलो. डावीकडे गाडी वळवली. आवाज आला. मग मनाला म्हटलं, नवीन आहे, बसायला वेळ लागतो. नव्या चपलेनेही फोड येतो. संध्याकाळी बायकोला गाडीत बसवून एक चक्कर मारली.

"गेला ना आवाज?"

तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "तुमचा गेला असन."

बुधवार आला. निघावं की नाही? न निघावं तर तिकडे म्हातारी सकाळपासून केस सोडून बसलेली असते, सून फोनवर सांगायची. आणि न निघावं तर मुलीला काय सांगायचं? मीच म्हणायचं की चाक चांगलं नाही? निघालो. हळू चालवायचं ठरवलं. पाचगावच्या पुढे मी सहज बाजूला पाहिलं तर बायकोचा डावा हात वर, दाराच्या वरच्या कड्याला धरलेला. एवढ्या वर्षांत तिने ते कडं कधी धरलं नव्हतं. मोठमोठे खड्डे गेले, एकदा म्हैस आडवी आली, तरी धरलं नव्हतं. आता सरळ गुळगुळीत रस्त्यावर तिने ते असं धरलं होतं की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

मी काच खाली केली. फेब्रुवारीची सकाळ होती.

आवाज आता गिरणीचा राहिला नव्हता. त्यात खडे पडल्यासारखी खडखड मिसळली होती. मी वेग आणखी कमी केला. मागचे हॉर्न देत पुढे जात होते, एका पोरट्याने काच खाली करून "आजोबा, ढकलू का?" म्हटलं. जाऊ दिलं. आमच्या पुढे कोळशाचा एक ट्रक होता. उमरेडला खाणी आहेत, त्या रस्त्याला कोळशाचे ट्रक नवीन नाहीत. पुढे डावीकडे एक फाटा आहे. ट्रक त्या फाट्याला वळला. डावीकडे वळताना तो उजवीकडे असा कलला की उजव्या अंगाने कोळशाचे चार तुकडे घरंगळून रस्त्यावर पडले आणि त्या अंगाचे टायर दबून पसरले.

माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

आमच्या लाकडाच्या अड्ड्याचं फाटक डाव्या हाताला होतं. सागाचे ओंडके लादलेला ट्रक त्या फाटकात डावीकडे वळायचा. आणि नव्या माणसाला कामावर घेतलं की पहिल्याच दिवशी त्याला ओरडून सांगायचे: ट्रक डावीकडे वळला की उजव्या अंगाला उभं राहायचं नाही. कारण सगळं ओझं उजवीकडे जातं. साखळी तुटली तर ओंडके त्याच अंगाला येतात. मी स्वतः किती जणांची बखोट धरून त्यांना त्या अंगाहून ओढलं आहे. माझ्या पायांना हे ठाऊक होतं, माझ्या डोक्याने कधी विचारलं नाही. बैलगाडी चालते हळू, ती कलत नाही, तिचं आतलं चाक घासतं. बापाचं खोटं नव्हतं. पण मोटार पळते. ती डावीकडे वळली की अंग टाकते उजव्या चाकावर. तेव्हा रडणार कोण?

गाडी कडेला घेतली. उतरलो. डाव्या मागच्या चाकाच्या मधोमध हात लावला. साधारण कोमट. मागून फिरून उजव्याकडे गेलो. हात टेकवता आला नाही. बोटं भाजली. जळक्या तेलाचा वास येत होता.

बायको खाली उतरली होती. तिने पदराचं टोक धरून चाकाला लावलं आणि मागे घेतलं. "माय वं! हे त तापानं फणफणून राहिलं."

जॅक काढला, चाक जमिनीवरून उचललं. एक हात वर, एक हात खाली धरून हलवलं. घट्ट चाक हलत नाही. हे हललं. खट्, खट्. हलणाऱ्या दातासारखं. तो खट् हाताला कळला. या चाकावर मी तिला इथपर्यंत आणली होती.

"उजवं आहे," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली. बस, एवढंच. "मी म्हटलं होतं" हे शब्द तिने काढले नाहीत. काढले असते तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

उमरेड तिथून फार लांब नव्हतं. पण या चाकावर जायचं म्हणजे बैलाच्या चालीने. मी म्हटलं, "तू काळीपिवळी जीपनं पुढं जा. बाई वाट पाहून राहिली असन. मी हळूहळू गाडी उमरेडले नेतो, मिस्त्री पाहतो."

"मी नाही जात."

"काहून? पायरीवर मी चढवून देतो."

"पायरीचं नाही म्हणून राहिली मी. रस्त्यात चाक निघून राहिलं, त तुम्हाले ऐकू येईन का? उजव्या अंगाचं आहे."

"उजव्या अंगाचं म्हणून काय झालं?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "काही नाही. चाला. पण काच खाली ठेवा अन मी सांगतो तसं करा."

ती मागच्या सीटवर, उजव्या बाजूला, बरोबर त्या चाकाच्या वर जाऊन बसली. मी म्हटलं तिथे नको बसू. ती म्हणाली, तिथूनच ऐकू येते. आणि आम्ही निघालो. सायकलवाले आमच्या पुढे जात होते. ती मागून सांगत होती. "वाढला. कमी करा. अजून कमी. आता बरं. थांबा, खडखड होऊन राहिली." मी थांबायचो, चाक निवू द्यायचो, पुन्हा निघायचो. एकदा समोरून बस आली तेव्हा मी डावीकडे गाडी दाबली, तर मागून ती ओरडली, "डावीकडे नका! डावीकडे घेतलं का जास्त बोंबलते." हे मला शिकायला रविवार, सोमवार आणि कोळशाचा ट्रक लागला होता. तिला एका वळणात समजलं.

त्या चालीत विचार करायला वेळ भरपूर होता, आणि मला तो नको होता. आरा मशीनवर माझी जागा अशी होती की पात्याकडे उजवा कान. दिवसभर. तो कान मंद आहे असं मला कोणी म्हटलं तर मी म्हणायचो, तुम्ही हळू बोलता. आता मोजत बसलो. बाजारात ती माझ्या डावीकडून चालते. लग्नाच्या पंगतीत डावीकडे बसते. घरात दोन खुर्च्या आहेत, त्यातली तिची डावीकडे. गाडीत तर सीटच तिकडे. मला वाटायचं, बायको नवऱ्याच्या डाव्या अंगाला, ही जुनी रीत आहे, आणि आमची बाई रीतीची पक्की. मला त्याचा अभिमान होता.

"तुले कधीपासून ठाऊक आहे?" मी विचारलं. कशाबद्दल ते बोललो नाही.

"तुम्ही मशीनवर होते तवापासून. त्या अंगानं हाक मारली का ओ देत नव्हते. पहिले वाटलं, रागावले. मग समजलं."

"मग सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं त ऐकलं असतं का?"

गाडी चालवताना हसू नये, पण मला हसू आलं. तिलाही आलं. आणि लगेच ती म्हणाली, "वाढला, वाढला, कमी करा."

उमरेडच्या बाहेरच एक गॅरेज लागलं. मिस्त्रीने चाक हलवलं आणि शिटी वाजवली. खोलून हब बाहेर काढला. बेरिंगमधलं वंगण काळं होऊन जळालेलं, आतल्या गोळ्यांवर देवीच्या वणासारखे खड्डे. बोटाने फिरवला तर वाळू दळल्यासारखा आवाज. तो मला उजव्या कानानेसुद्धा ऐकू आला. मिस्त्री म्हणाला, "बाबा, देवाले नारळ फोडा. अजून थोडं गेले असते तर हा नट अन चाक दोघंही तुमच्या पुढं पळाले असते."

"बदलून टाक."

"बदलतो, पण माल कुठं आहे? आज दुकान बंद आहे, मालकाच्या घरी लग्न आहे. नागपूरहून मागवतो. उद्या होऊन जाईन."

उद्या. म्हणजे म्हातारी आज केस सोडून बसलेली. म्हणजे मुलीला फोन, मुलगी येणार, मोठी गाडी घेऊन, आणि परत जाताना तिच्या पर्समध्ये माझी चावी. बायको बाकड्यावर बसून गुडघे चोळत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. मी गाडीकडे पाहत उभा होतो, आणि पाहता पाहता मला डिक्की दिसली.

"डावा अन उजवा हब वेगळा असतो का?" मी विचारलं.

"या गाडीचा मागचा? नाही. एकच."

"डिक्की खोल. बोऱ्यात बांधलेलं आहे, ते काढ."

त्याने काढलं. बोरा सोडला, हब हातात घेऊन फिरवला, कानाला लावला. "हे तर एकदम चांगलं आहे, बाबा! असं सामान सोबत घेऊन फिरता? कोणी फिरत नाही. तुम्हाले ठाऊक होतं का उजवं जाणार म्हणून?"

मी तोंड उघडलं. बायको बाकड्यावरून माझ्याकडे पाहत होती. डोक्यावरचा पदर तिने तोंडापर्यंत ओढला होता, पण खांदे हलत होते.

"लोखंड फेकू नये," मी म्हटलं. हे खोटं नव्हतं.

त्याने हब चढवला. नट नवा घातला, तो त्याच्याकडे होता. पाना लावून, पाय देऊन आवळला, नटाची कड ठोकून बसवली. चाक चढवून वर-खाली हात धरून मला म्हणाला, "हलवा." मी हलवलं. हललं नाही. मी बायकोला बोलावलं. "तू हलवून पाहा." मिस्त्री बघतच राहिला. तिने पदर खोचला, दोन्ही हातांनी चाक धरून जोर लावला. "नाही हलत," ती म्हणाली. मग चाक हाताने फिरवून त्याच्याजवळ कान नेला. बराच वेळ. मी तिच्या तोंडाकडे पाहत उभा, डॉक्टरसमोर उभं राहावं तसा.

"नाही बोलत," ती म्हणाली.

भिवापूरला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. रस्त्याच्या कडेला मिरच्यांचे सातरे लागतात, लाल मिरची पसरलेली आणि देठ खुडत बसलेल्या बाया. नाकात ठसका गेला आणि मला पहिल्यांदा वाटलं की पोचलो. म्हातारी खाटेवर केस सोडून बसलेली. बहिणीला पाहून म्हणाली, "आज विसरली वाटते." बायकोने पाणी कोमट आहे का ते पाहिलं आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं.

मी ओसरीत बसलो होतो तेव्हा मुलीचा फोन आला.

"बाबा, आवाज गेला का?"

"गेला."

"खरं?"

मी फोन घेऊन आत गेलो. बायकोचे हात साबणाने भरलेले. मी फोन तिच्या कानाशी धरला. "तुझी पोरगी विचारून राहिली."

"गेला," ती फोनमध्ये म्हणाली. मग थोडं थांबून, "चाक उजव्या अंगाचं होतं. आता ठीक आहे. हो, मी पाहिलं. मी स्वतः हलवलं. चावी राहू दे त्यांच्यापाशी. गाडी ते चालवतीन, आवाज मी ऐकीन. नाही, तू येऊ नको. आली त जेवायले ये."

म्हातारीने डोळे मिटूनच विचारलं, "कोणाचं चाक गेलं वं?"

"कोणाचं नाही गेलं, बाई. मान सरळ ठेव."

निघताना गल्लीतून गाडीपर्यंत चालत जायचं होतं. गल्लीच्या डाव्या कडेला उघडी नाली होती, म्हणून ती माझ्या उजवीकडून चालत होती. मधेच ती काही बोलली. मला फक्त तिचे ओठ हललेले दिसले. इतर वेळी मी "हो हो" म्हणून पुढे गेलो असतो. मी थांबलो, तिच्या मागून फिरून पलीकडे गेलो, तिच्या उजव्या अंगाला, आणि तिला नालीच्या कडेने माझ्या डावीकडे घेतलं. तोल जाऊ नये म्हणून तिचा दंड धरला.

"काय म्हणाली?"

"म्हटलं, डबा आतच राहिला. जा, घेऊन या."

मी गेलो.